घोड्यांच्या रेसवर पैसे लावायचे तर सिरीयसली की मजेपुरते?

विन, प्लेस, क्विनेला हे तिकिटांचे प्रकार आणि टोट, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमधे जमवून जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत, हे माहीत आहे असं धरून चालतो, त्यात शिरत नाही. प्रश्न आहे तो डोकं कसं ठेवून रेस खेळायची याचा. मी दोन्ही प्रकारे बरीच वर्षं खेळलोय, दोन्हीकडे चांगली माणसं भेटलीत, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची नाहीत.

सिरीयस खेळणारा घोडा निवडत नाही, भाव निवडतो. ऐकायला सोपं वाटतं पण अंगात मुरायला फार वेळ लागतो. समजा तुमच्या अभ्यासाप्रमाणे एखादा घोडा चारातून एकदा जिंकेल, तर एकाला चार परत मिळाले की बरोबरी. सहा मिळत असतील तर लावायचं, साडेतीन मिळत असतील तर सोडायचं, घोडा तोच, जॉकी तोच, वजनही तेच. आणि सोडलेला घोडा डोळ्यांदेखत पहिला आला तरी पुढच्या रेसला हात शिवशिवता कामा नये. टोटच्या पूलमधून आधीच साधारण १५ ते २५ टक्के कापले जातात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, म्हणजे बाकीच्यांइतकं हुशार असून भागत नाही, ती कापाकापी भरून निघेल इतकं जास्त हुशार लागतं. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, साधारण तीन रेसमधे एकदा पहिला येतो, म्हणून डोळे झाकून फेव्हरिट खेळणारा वरचेवर जिंकतो आणि तरी शेवटी तोट्यात जातो. हाँगकाँगला बिल बेंटर या अमेरिकन जुगाऱ्याने १९८० च्या दशकात कॉम्प्युटर मॉडेल बनवून ती कापाकापी भरून काढणं जमवलं, पण त्यानेही पुढे स्वतःच्या अंदाजात पब्लिकचा, म्हणजे सगळ्यांच्या पैशांवरून ठरलेला भाव मिसळून घेतला, यावरून पब्लिकला हरवणं किती अवघड आहे ते समजा.

मजेपुरतं खेळणाऱ्याचं गणित वेगळं. रक्कम घरून निघतानाच ठरलेली, ती गेली असं धरूनच जायचं. १९७३ ला अमेरिकेत बेलमाँटच्या रेसमधे सेक्रेटेरियट नावाचा घोडा ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला तेव्हा २ डॉलरच्या विन तिकिटाला फक्त २.२० मिळणार होते, आणि ५,६१७ जिंकलेली तिकिटं कुणी वटवलीच नाहीत, लोकांनी ती आठवण म्हणून ठेवली. सिरीयस माणूस त्या भावाला हातच लावणार नाही, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. पण ते तिकीट जपून ठेवणाऱ्याला वेडा म्हणायला मी तयार नाही.

१९६८ ला व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की पैसे लावून झालेल्या माणसाला आपल्या घोड्याबद्दल खात्री वाटते ती लावायच्या आधीच्या माणसापेक्षा जास्त. मजेवाल्यासाठी हीच तर मजा आहे, तिकीट खिशात पडलं की घोडा आपला. सिरीयसवाल्याला मात्र त्या खात्रीवर कायम संशय घ्यावा लागतो, स्वतःच्या आनंदावर सतत पहारा.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. टोटवर तुम्ही लावताना बघता तो भाव तुम्हाला मिळत नाही, पूल बंद झाल्यावरचा मिळतो. पॅडॉकमधे, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, घोडे बघून झाले, गोइंग, म्हणजे ट्रॅकची जमीन कशी आहे ते बघितलं, बोर्डवर एकाला सहा दिसतायत, हिशोब बसतोय, लावले. घोडे गेटमधे शिरतायत आणि तेवढ्यात मोठी रक्कम येऊन पडते, बोर्ड हलतो, सहाचे साडेतीन. तिकीट परत घेता येत नाही. रेस सुटते, शेवटच्या वळणावर आपला घोडा बाहेरून मुसंडी मारतो, आजूबाजूचे ओरडतायत, तो जिंकतो, आणि माझ्या मनात काय तर आपण चारच्या खाली खेळलो, हा सौदा वाईट झाला. जिंकलेल्या घोड्याची हळहळ! हे एकदा नाही, वारंवार व्हायचं, आणि हिशोबाने ती हळहळ योग्यच होती, हेच मला जास्त खुपायचं. बुकीकडे घेतलेला भाव पक्का राहतो हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाईकाची रक्कम बुकी कमी करत जातात, त्यामुळे तिथेही शांतपणे अभ्यास करून खेळता येतंच असं नाही.

ज्याला मुळात आकडेमोडच आवडते, घोडा नसला तरी चालेल, त्याला हा त्रास वाटणार नाही कदाचित. त्याने सिरीयस वाट जरूर धरावी, फक्त आधी काही महिने कागदावर खेळावं आणि वहीत शेवटचा डिव्हिडंड, म्हणजे पूल बंद झाल्यावर खरा मिळालेला भाव लिहावा, लावताना दिसलेला नाही. तेवढ्याने बऱ्याच जणांचं उत्तर मिळून जाईल असं मला वाटतं.

मी आता फॉर्म, म्हणजे घोड्यांच्या आधीच्या रेसची नोंद वाचतो, ट्रेनर, वजन, ड्रॉ म्हणजे गेटमधली जागा, सगळं बघतो, अभ्यास सोडलेला नाही, पण रक्कम दर रेसला छोटी आणि सारखी, आणि घोडे गेटकडे निघाले की बोर्डकडे बघत नाही. मजेवाल्याने एकच सांभाळायचं. दिवसाच्या शेवटच्या रेसला लोक गेलेले पैसे एका फटक्यात काढायला जिंकायची शक्यता कमी पण भाव मोठा अशा घोड्यावर तुटून पडतात, १९५६ च्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं, तेव्हा त्या रेसलाही रक्कम तीच ठेवा, सकाळपासून कितीही गेलेले असोत.