‘मशीनच जुनं आहे मॅडम’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

जुन्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) बसवून देतो असं सांगून एका माणसाने आम्हाला फसवलं. पैसे गेलेच, पण बाबांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली मूळ हार्ड डिस्कही तो घेऊन गेला, आणि ते जास्त लागलं. पुण्यात आमच्यासारखे अनेक छोटे व्यावसायिक आहेत, ज्यांना एखादं जुनं मशीन चालू ठेवावंच लागतं. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

नारायण पेठेत आमचं डीटीपीचं, म्हणजे पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम आहे. त्यात एक पेंटियम थ्री मशीन आहे, विंडोज ९८ आणि पेजमेकर ६.५ वालं. ते मोडीत काढता येत नाही, कारण त्यातली मराठी पुस्तकं युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टांत लावलेली आहेत. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. आणि आमचं ते फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय सुरूच होत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या प्रकाशकाला जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असली, की हेच मशीन लागतं.

त्यातली २० जीबीची हार्ड डिस्क खडखड वाजायला लागली, म्हणून ऑनलाइन जाहिरात बघून या माणसाला बोलावलं. ‘३२ जीबी इंडस्ट्रियल आयडीई एसएसडी, जुन्या डेटासकट बसवून’, साडेचार हजार रुपये. (आयडीई म्हणजे जुन्या मशीनमध्ये डिस्क जोडायची पद्धत.) जुनी डिस्क दिली तर पाचशे कमी. माणूस बोलायला चांगला, कामाला चटपटीत. त्याने सगळा डेटा कॉपी केला, मशीन भराभर सुरू करून दाखवलं. माय कॉम्प्युटरमध्ये २९.८ जीबी दिसत होतं, आणि ३२ जीबीच्या डिस्कला तेवढंच दिसायला हवं. त्याने एक पुस्तक उघडून दाखवलं, यूपीआयने पैसे घेतले आणि जुनी डिस्क पिशवीत टाकून गेला. बिल ‘व्हॉट्सॅपवर पाठवतो’ म्हणाला, ते कधी आलं नाही.

पुढे एका कवितासंग्रहाचं काम आलं. फोल्डर जागेवर, फाइलचं नाव बरोबर, साइज बरोबर, पण पेजमेकर ती उघडेना. शेजारची फाइलही तशीच. काही फोल्डर अगदी ठणठणीत, काहींत मात्र दिसतं सगळं आणि उघडत काही नाही. त्याला फोन केला तर लगेच उत्तर तयार: ‘मशीनच जुनं आहे मॅडम. बोर्डवरचे कपॅसिटर गेलेत, त्यामुळे आयडीई कंट्रोलर डेटा खातो.’ हे ऐकायला खरं वाटतं, कारण त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांचे (मुख्य सर्किट बोर्डांचे) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, खरोखरच फुगून गेलेले आहेत. तो बोर्ड घेऊन गेला आणि आणखी अठ्ठावीसशे घेऊन परत बसवून गेला. फाइली होत्या तशाच.

मग मी टॉर्च घेऊन बोर्ड नीट पाहिला. कपॅसिटरच्या माथ्यावर वर्षांची धूळ तशीच चिकटलेली. दोन कपॅसिटरच्या मध्ये जुन्या गोंदाचा तपकिरी ठिपका, त्याला तडासुद्धा गेलेला नाही. बोर्ड उलटा केला तर खालचे सोल्डरचे टाके एकसारखे मळकट. एकही नवा, चकाकणारा टाका नाही. त्याने काहीही बदललेलं नव्हतं.

तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने मला यूएसबीला आयडीई डिस्क जोडायचा अडॅप्टर दिला आणि सांगितलं, आधी ही डिस्क त्या मशीनबाहेर तपासा. जे वाचता येत होतं ते बाजूला काढलं, डिस्क फॉरमॅट केली आणि लॅपटॉपवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू चालवलं. हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्क खुणेच्या डेटाने पूर्ण भरतं आणि मग तोच डेटा परत वाचून पडताळतं. लिनक्सवर आणि मॅकवर यासाठी एफ-थ्री आहे. निकाल आला: साधारण सात जीबी ठीक, बाकी सगळा डेटा गायब. एसएसडीची डबी उघडली. ‘इंडस्ट्रियल, २० लाख तास’ अशा स्टिकरखाली एक छोटा हिरवा बोर्ड, आणि त्याला चिकटवलेलं बिननावाचं मायक्रोएसडी कार्ड.

अशा कार्डाच्या कंट्रोलरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपचं, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललेलं असतं. ते कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं आणि खऱ्या जागेपलीकडचं लिखाण निमूट स्वीकारतं. कॉपी करताना एरर येत नाही. काही कार्डं जास्तीचा डेटा सोडून देतात, काही आधीच्याच डेटावर लिहितात. मग विंडोजच सुरू होत नाही आणि खापर पुन्हा जुन्या मशीनवर फुटतं.

जुन्या मशीनच्या खऱ्या अडचणीही असतात, म्हणून फरक ओळखायला हवा. जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) डिस्कच्या आकाराच्या मर्यादा असतात: कुठे ५२८ एमबी, कुठे ८.४ जीबी, कुठे ३३.८ जीबी. पण तिथे डिस्क खऱ्यापेक्षा लहान दिसते किंवा मशीन सुरुवातीलाच अडकतं. एका केबलवरच्या दोन डिस्कांपैकी पहिली कोणती हे ठरवणारा मास्टर-स्लेव्हचा जंपर (छोटी खूणपट्टी) चुकला तर डिस्क सापडतच नाही. केबल खराब असेल तर चूक जागा बदलते: आज ही फाइल, उद्या ती. बनावट डिस्कमध्ये क्षमता अगदी बरोबर दिसते आणि रोज त्याच फाइली रिकाम्या निघतात. शिवाय दोष बोर्डात असता, तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर बरी चालली असती. आमची तिथेही तशीच वागली.

म्हणून नवी डिस्क, कार्ड, काहीही घ्या, जुन्या मशीनला लावण्याआधी आजच्या कॉम्प्युटरवर पूर्ण भरून तपासा. विक्रेता ‘वेळ लागतो, गरज नाही’ म्हणाला तर त्याच्याकडून घेऊच नका. डेटा तपासून होईपर्यंत मूळ डिस्क कुणालाही देऊ नका, पाचशे रुपयांना नाहीच नाही. ती खडखडत असली तरी तिच्यातून वाचवण्यासारखं बरंच असतं. आमची काही पुस्तकं सीडीवर होती, त्यातल्या निम्म्या सीडी आता वाचल्या जात नाहीत. तीन कवितासंग्रह आणि एक कोश छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करावे लागत आहेत.

ऑनलाइन पैसे देऊन फसवणूक झाली असेल तर १९३० वर ताबडतोब फोन करा, जितका उशीर तितके पैसे अडवणं कठीण. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याकरता घेतलेली वस्तूही त्यात बसते. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, उघडलेल्या डबीचे फोटो जपून ठेवा.

मी तक्रार केली आहे आणि मागणीत पैशांच्या आधी मूळ डिस्क लिहिली आहे. त्याचा फोन आता लागत नाही. जाहिरात मात्र दुसऱ्या नावाने चालू आहे: फोटो तोच, क्षमता ६४ जीबी, आणि खाली ‘जुनी डिस्क दिल्यास पाचशे कमी’.