गोबरगॅस की सिलिंडर?

वाळव्याच्या भाचीचा फोन आला. गोठ्यात चार म्हशी, घरात सहा माणसं. "मामा, गोबरगॅस बांधू का सिलिंडरच बरा?"

सिलिंडरला दर वेळी पैसे मोजायचे, गोबरगॅसचा मोठा खर्च एकदाच, बांधताना. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. तुझ्या चार म्हशींचं पुरेल. नीट भरलं तर महिन्याला दीडेक सिलिंडरएवढा गॅस मिळतो.

कष्ट मात्र रोजचे. सकाळी शेणात तेवढंच पाणी घालून, काडीकचरा वेचत हातानं कालवायचं. चार दिवस टाळलं की शेगडीची आच मंदावते. पौषातल्या थंडीत गॅस कमी होतोच, त्यात पाहुणे आले की पंचाईत. सिलिंडरला यातलं काही नाही.

पण स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर संयंत्रातून बाहेर येणारा पातळ शेणकाला! मी ती पाटाच्या पाण्यातून उसाला सोडतो. ताज्या शेणासारखा वास नाही, माशा नाहीत, तणही कमी उगवतं. माझ्या लेखी निम्मी किंमत तिचीच.

बांधलास तर पक्क्या विटा-सिमेंटच्या घुमटाचा बांध, लोखंडी झाकणाचा नको, ते गंजतं.

दोनच जनावरं असतील किंवा सकाळी नोकरीची घाई असेल, तर सिलिंडरच बरा. तुझ्यासारख्या भरल्या गोठ्याला गोबरगॅस, आणि थंडीसाठी एक सिलिंडर भरून ठेव.