ट्रान्सपॉन्डर की एआयएस? बोटीवर काय बसवायचं

नौका २० मीटरपेक्षा लांब असेल तर एआयएस, म्हणजे नौकेची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगणारं यंत्र, लावावंच लागतं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉलर त्याहून लहान. अशा नौकांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून इस्रोच्या ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहातून नौकेची जागा आणि संदेश पाठवणारा डबा) योजना सुरू केली, देशभरात १ लाख नौकांना, मोफत. दोन्हींत बरं कुठलं, असं कोकणातल्या हर्णै बंदराचे तांडेल (नौकेचे प्रमुख) विचारतात. त्यांच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो: आपण जाळं कुठे टाकतो ते कोणाकोणाला कळणार?

एआयएस उघड्यावर बोलतं. नाव, जागा, वेग, दिशा, सगळं व्हीएचएफ रेडिओवरून सांगत सुटतं. ऐकणारा कोणीही असो. रात्री जयगडच्या तोंडावर मोठं जहाज अंगावर येतं तेव्हा तेच जीव वाचवतं, कारण त्यांच्या पडद्यावर आपला ठिपका उमटतो. ट्रान्सपॉन्डरने हे होत नाही. पण एआयएसच्या संदेशाला कुलूप नाही, पाठवणाऱ्याची खातरजमा नाही. पडद्यावर खोटी नौका उभी करता येते. शिवाय सुरमईची जागा शेजारच्या बंदराला आयती कळते. किनाऱ्यापासून फार लांब गेलं तर किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते ऐकूही येत नाही.

ट्रान्सपॉन्डर उपग्रहाशी बोलतो. मोबाइलची रेंज संपल्यावरही मजकूर जातो-येतो, वादळाचा इशारा मिळतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा माझे काका बाहेर होते. वायरलेसवर नुसती खरखर. काकी रात्रभर बंदरावर बसून होती. त्या रात्री एक ओळ आली असती तरी पुरे होतं.

आता सरकारी पाळतीचं. १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांआधी रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटकं उतरली, २००८ ला ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून अतिरेकी मुंबईत आले. पाळत का हवी, हे आम्हाला कोणी समजावायला नको. पण कुबेरचे खलाशी मारले गेले, तांडेलाला धाकाखाली धरलं आणि नौका अतिरेक्यांच्या ताब्यात तशीच पुढे गेली. डबा नौका दाखवतो, सुकाणू कोणाच्या हातात आहे ते नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याचं कलम १७ मात्र देशाच्या सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा केंद्राला देतं. ही मुभा मला फार सैल वाटते. आमच्या रोजच्या वाटेची नोंद किती दिवस ठेवायची, ते कायद्यातच लिहिलेलं हवं.

तरीही १२ सागरी मैलांपलीकडे जात असाल तर आधी ट्रान्सपॉन्डरच घ्या. जयगड, दिघीच्या जहाजांच्या वाटेवर मासेमारी असेल तर पुढच्या हंगामात पैसे बाजूला काढून एआयएसही लावा. फॉर्मवर सही करण्याआधी मत्स्य कार्यालयात लेखी विचारा: नोंदी कोण बघतं, किती काळ ठेवतात, बोट विकली तर त्या कोणाच्या नावावर राहतात. आणि डबा केबिनच्या छपरावर, उघड्या आकाशाखाली बसवून घ्या. त्यावर ओल्या जाळ्यांचा ढीग टाकू नका.