ऑफिसमध्ये सरप्राईज डोहाळजेवण, डेकोरेशनवाल्या ताईंचा अनुभव

आमच्या टीममधल्या मैत्रिणीला सातवा लागला तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की हिचं डोहाळजेवण ऑफिसातच करायचं, तिला अजिबात कळू न देता. माहेर नागपूरला, सासर साताऱ्याला, इथे हिंजवडीत ती आणि नवरा दोघंच, म्हणून नुसता केक कापायचा नव्हता, नीट ओटी भरायची होती.

आधी एका इव्हेंटवाल्यांना विचारलं, त्यांचं पॅकेज म्हणजे फुग्यांची कमान, पार्टी पॉपर, धुराचं मशीन आणि लाईट लावल्या लावल्या सगळ्यांनी एकदम ओरडायचं. सातव्या महिन्यातल्या बाईला असं दचकवायचं कशाला? मग कोथरूडच्या एका ताईंचा नंबर मिळाला, त्या घरूनच फुलांचे दागिने करतात आणि सगळा सेटअप भाड्याने देतात. रेट सांगायच्या आधी त्यांनी विचारलं की पाठ दुखते का, कुठल्या वासाने मळमळतं, घरच्यांना सांगितलंय का. आम्ही नवऱ्याला फोन लावला तेव्हा कळलं की तिला निशिगंधाचा वास सहनच होत नाही, आणि नेमके दागिने बहुतेक त्याचेच असतात! ताईंनी पांढरी शेवंती आणि लाल गुलाबाच्या कळ्या वापरून बिंदी, कानातले, हार, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं केलं, इतकं हलकं की दोन तास घालून बसली तरी तिला जड झालं नाही.

झोपाळा लिफ्टमध्ये मावेना, तर त्यांनी चंद्रकोर लावून पुढे पाठ टेकायला खुर्ची आणि पायाखाली पाट दिला, ते मला झोपाळ्यापेक्षा बरं वाटलं. मीटिंगचं खोटं इन्व्हाइट पाठवलेलं, ती लॅपटॉप घेऊन आत आली, सगळे शांत उभे, आणि समोर हिरवी साडी हातात घेऊन तिची आई. नवऱ्याने सकाळीच स्टेशनवरून आणलेली. ती लॅपटॉपसकट आईच्या गळ्यात पडली आणि आमचे पण डोळे भरले.

ओटीचं सामान ताईंकडूनच आलं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, काही कमी नाही. आमच्या अ‍ॅडमिनच्या काकू, मिस्टर गेलेत त्यांचे, त्या मागे दाराशी उभ्या होत्या. ताईंनीच विचारलं, "काकू, तुम्ही नाही भरणार?" त्या नको नको म्हणत असताना मैत्रिणीची आई उठली आणि हात धरून त्यांना पुढे घेऊन आली. यासाठी मी या ताईंना कितीही मार्क देईन. चेन्नईच्या मुलीने लाल-हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या, त्यांच्याकडे याला वळैकाप्पू म्हणतात, बांगड्यांचा आवाज बाळाला ऐकू जावा म्हणून. पेढा-बर्फीचा खेळ आम्ही नको म्हटलं, मुलगा की मुलगी हे कशाला, तर ताई म्हणाल्या, "मी पण हल्ली स्वतःहून ठेवत नाही."

तक्रार म्हणाल तर सेटअपला 40 मिनिटं उशीर झाला, मैत्रिणीला खाली चहाला थांबवून ठेवताना आमचे हाल झाले, आणि काचेवर टेपचे डाग राहिले ते आम्हीच पुसले. हिंजवडीपर्यंतच्या टेम्पोसकट 7,500 रुपये झाले, टेम्पोचे थोडे जास्त वाटले, पण 14 जणांत वाटून गेले. दागिने तिने घरी नेले, पुढच्या महिन्यात तिची 26 आठवड्यांची रजा सुरू होतेय.

ऑर्डर किमान चार दिवस आधी द्या, आणि फोन दुपारनंतर करा, सकाळी त्या मार्केट यार्डात फुलं घ्यायला गेलेल्या असतात, उचलत नाहीत.