जुन्नरची उन्हाळी कार्यशाळा : आठ महिन्यांनी काय उरलं?

गेल्या मे महिन्यात इतिहास शिकवणाऱ्यांसाठी जुन्नरला पाच दिवसांची निवासी कार्यशाळा होती, तिला गेले होते. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसती वाहवाच झाली असती, म्हणून मुद्दाम थांबले. आता सहावीच्या वर्गात सगळं वापरून झालंय.

सगळ्यात मोलाचा दिवस नाणेघाटाचा. सातवाहन मी कितीतरी वर्षं शिकवतेय, पण 'व्यापारी मार्ग' म्हणजे नेमकं काय, ते कोकणातून वर येणाऱ्या त्या चिंचोळ्या खिंडीत उभं राहिल्यावर कळलं. तोंडाशीच लेणं, आत दोन बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच. लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांत मोडतात.

बाहेर तो दगडी रांजण. एक शिक्षक म्हणाले, ''हा जकातीचा.'' सोबतच्या अभ्यासकांनी शांतपणे विचारलं, ''कशावरून?'' आम्ही चाळीस जण गप्प. तसं सांगतात, एवढंच प्रत्येकाला ठाऊक होतं. तो एक शब्द मी पिशवीत घालून घरी आणला.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे ब्राह्मी या त्या काळच्या लिपीचा तक्ता. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ठ' म्हणजे गोल, 'ट' म्हणजे अर्धा गोल. पोरांना आठवड्यात जमलं. मग ब्राह्मीतून चिठ्ठ्या सुरू झाल्या. गणिताच्या बाईंनी एक पकडली, अधिकची चिन्हं बघून कॉपीच समजल्या आणि तणतणत माझ्याकडे आल्या. चिठ्ठीत 'काकडी' लिहिलं होतं.

जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायांचे संघ, येतात. पुस्तकातला 'श्रेणी' हा कोरडा शब्द त्यामुळे वर्गात चालायला लागला. दान देणारे यवन, म्हणजे ग्रीकही तिथे आहेत, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले.

आता कुरकुर. दोन अख्ख्या दुपारी बंद हॉलमध्ये स्लाइड वाचून दाखवण्यात गेल्या. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या मे महिन्यात सकाळी अकराला चढायला लावल्या. एका बाईंना चक्कर आली. दगडी लेखाचा ठसा कसा घेतात ते सरावाच्या दगडावर दाखवलं, पण ओला कागद ब्रशने ठोकायची पाळी चौघांनाच मिळाली. 'महिन्याभरात' येणारे पाठ-आराखडे अजून यायचेत, आणि व्हॉट्सॲप गटावर आता फक्त सुप्रभात उरलंय. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं, जाड कागदाचं.

तरी सांगेन, संधी मिळाली तर जा. टोपी न्या, आणि हॉलमध्ये मागे बसा.

डिसेंबरात मुलांना देवळामागच्या वीरगळापाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेपाशी नेलं. खालच्या चौकटीपासून वर वाचायचा, हे तिथेच शिकले होते : खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत गाई दिसल्या. मी म्हटलं, ''गावाची गुरं सोडवताना मेलेला आपल्या गावचा वीर.''

मागून आवाज आला, ''बाई, आपल्याच गावचा कशावरून?''

प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय. अजून पुसलेला नाही.