१८ व्होल्टची ड्रिल बॅटरी: दम आहे, पण जपून वापरा

कॉर्डलेस ड्रिलसोबत आलेली ही १८ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी मस्त आहे, आत ३.६ व्होल्टचे सेल सिरीजमध्ये म्हणजे एकामागे एक जोडलेले, ३.६ गुणिले ५ बरोबर १८ असा हिशोब, भिंतीला भोकं पाडतानाही दम सोडत नाही. चार्ज दाखवणारे लाइट लय कामाचे. फक्त एक सांगतो, काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी गार होऊ द्या, आणि ० डिग्रीच्या खाली चार्जिंग नकोच, सेल आतून कायमचे खराब होतात. बरेच दिवस वापरणार नसाल तर साधारण अर्धी चार्ज करून ठेवा. खिळे-स्क्रूच्या डब्यात तर अजिबात टाकू नका, टर्मिनल शॉर्ट झाले की आग लागू शकते!! फुगलेली दिसली की वापर तिथेच बंद, आणि कचऱ्यात न टाकता ई-वेस्टवाल्यांकडे द्या.