घरातलं शिसं काढून घेतलं: मेडफर्डच्या (मॅसॅच्युसेट्स, अमेरिका) आमच्या डीलेडरबद्दल, म्हणजे शिशाचा रंग काढणाऱ्या कंत्राटदाराबद्दल

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या तपासणीत डॉक्टरांनी बोटाला टोचून रक्त घेतलं आणि शिसं 7 निघालं. मॅसॅच्युसेट्समध्ये ही तपासणी प्रत्येक मुलाची होते, आणि डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की डॉक्टर पाठपुरावा सुरू करतात. आठवड्याने शिरेतून रक्त घेतलं, ते 6 आलं. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं ते हळदीबद्दल. भारतातून आणलेले मसाले, शेंदूर, आयुर्वेदिक गोळ्या, जुनी भांडी, सगळं विचारलं, आणि विचारायलाच हवं. पण हळद सासूबाईंनी स्वतः सांगलीहून आणलेली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. "माझ्या हातून पोरीला काही झालं का गं?" एवढंच म्हणाल्या. म्हणून आधीच सांगते: कारण आमच्या खिडक्यांत होतं.

घर 1924 सालचं, लाकडी, दोन बिऱ्हाडांचं. वर आम्ही, खाली भाडेकरू. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं घालायला बंदी आली ती 1978 साली, त्यामुळे आमच्या चौकटींवर पन्नासेक वर्षांचे थर होते. शिसं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने बाळाच्या खोलीतल्या खिडकीवर पात्याने एक बारीक खाच पाडली. आत पांढरा, मग हिरवा, मग साईसारखा पिवळट, अगदी तळाशी राखाडी, असे थर ओळीने दिसत होते. त्यावर सोडियम सल्फाइडचा थेंब टाकला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि तळाचे दोन थर बघता बघता काळे पडले, म्हणजे त्यांत शिसं होतं. मी लेकीला कडेवर घेऊन उभी होते. सहा महिने ती त्याच खिडकीला धरून उभं राहायला शिकत होती.

रंग भिंतीवर घट्ट बसलेला असेल तर तो लगेच काही करत नाही. घात करते ती धूळ. खिडकीची काचेची झडप वर-खाली करताना लाकडावर लाकूड घासतं, रंगाची भुकटी खालच्या खाचेत साठते, वाऱ्याने जमिनीवर येते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. म्हणूनच या राज्यात घरातला सगळा रंग खरवडायची सक्ती नाही. पोपडे सुटलेला रंग, खिडक्यांचे हलणारे भाग आणि मूल दाताने कुरतडू शकेल अशा जागा, यांवर मुख्य काम होतं.

इथे आमची पहिली चूक होता होता राहिली. एका रंगाऱ्याने "चार दिवसांत घासून देतो, घर सोडायची गरज नाही" म्हणून 5,500 डॉलर सांगितले. त्याच्याकडे शिसं असलेल्या घरात दुरुस्ती कशी करायची याचं प्रमाणपत्र होतं. पण ते प्रमाणपत्र काम करताना धूळ कमी उडावी यासाठी असतं. पूर्ण डीलेडिंगचं काम परवानाधारक डीलेडरचं. त्याचा परवाना वेगळा आणि तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा वेगळा. शेवटी इन्स्पेक्टरकडून काम नियमाप्रमाणे झाल्याचं पूर्ततेचं पत्र मिळतं, ते घर विकतानाही उपयोगी पडतं. कोरडं घासलं असतं तर लेकीचा आकडा वाढला असता, हे मला आजही झोपू देत नाही.

ज्यांना काम दिलं त्यांनी 16,800 सांगितले: चौदा खिडक्या नव्या, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, मागच्या जिन्याचा कठडा. आम्ही नऊ रात्री फ्रेमिंगहॅमला मैत्रिणीकडे राहिलो. कामाच्या पद्धतीबद्दल मी मनापासून पाच तारे देईन. जाड प्लॅस्टिक भिंतीपर्यंत चिकटवलेलं, दाराला प्लॅस्टिकचा पडदा, आणि पात्याआधी नेहमी पाण्याचा फवारा. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस उंबऱ्यावर बसून बुटांवरची आवरणं उलटी करून काढायचा, धूळ आत राहील अशी, प्रत्येक वेळी, कोणी बघत नसतानाही. शेवटी हेपा व्हॅक्यूम (अगदी बारीक धूळही अडकवणाऱ्या फिल्टरचा), मग ओलं पुसणं, मग पुन्हा हेपा व्हॅक्यूम.

तरीही धुळीच्या पहिल्या तपासणीत एक खोली नापास झाली. मागच्या जिन्याला लागून असलेली. डीलेडरने दोन दिवस फोन उचलला नाही, याचा मला फार राग आला, कारण मुलीला घेऊन दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या आईला दोन दिवस म्हणजे काय ते त्यांना कळायला हवं. नंतर मुकादम स्वतः आला, खोली पुन्हा साफ केली, पैसे मागितले नाहीत. इन्स्पेक्टरच्या दुसऱ्या फेरीची फी मात्र आमच्या अंगावर पडली. नापास झालं तर ती फी कोण देणार, हे करारात आधी लिहून घ्या. बाहेरची बाजूही स्वतः बघा: वाऱ्याच्या दिशेला प्लॅस्टिक तोकडं पडलं होतं आणि ट्युलिपच्या वाफ्यात मला नखाएवढे हिरवे पोपडे सापडले. फोटो पाठवल्यावर येऊन वेचून, माती वरून काढून नेली.

पैशाचं म्हणाल तर राज्य सरकार पूर्ण काम झाल्यावर दर घरामागे 3,000 डॉलरपर्यंत करात सूट देतं. मासहाउसिंग या राज्याच्या गृहकर्ज संस्थेचं 'गेट द लेड आउट' कर्जही आहे, मिळकतीच्या अटीवर. चौकशी काम सुरू व्हायच्या आधी करा. आम्ही उशीर केला.

इन्स्पेक्टर तुम्ही स्वतः निवडा, डीलेडरने सुचवलेला नको. आमच्या इन्स्पेक्टरने ती खोली नापास केली म्हणून ती साफ झाली.

तीन महिन्यांनी लेकीचा आकडा 3.2 आला. सासूबाईंनी तो कागद देवापाशी ठेवला.

खालच्या मजल्याचं काम आता याच माणसांना दिलंय. भाडेकरूंच्या बाळाची तारीख नोव्हेंबरची आहे, काम सप्टेंबरात. तेवढे दिवस त्यांच्या राहण्याचा खर्च आम्ही करणार आहोत, आणि दुसऱ्या फेरीची फी या वेळी करारात लिहिली आहे.